टक्के कशाचे?

उद्या पावसाची शक्यता 30 टक्के. हे ऐकून कुणाला वाटतं, शहराच्या 30 टक्के भागात पाऊस पडेल. कुणी म्हणतं, दिवसातला तेवढा वेळ पडेल. दोन्ही अर्थ चुकीचे. हवा उद्यासारखीच असेल अशा दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवशी पाऊस पडतो, एवढंच हा आकडा सांगतो. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान व न्यूयॉर्कमधल्या लोकांना याचा अर्थ विचारला. 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा योग्य अर्थ सांगणाऱ्यांचं बहुमत फक्त न्यूयॉर्कमध्ये दिसलं. लोक अडाणी नव्हते. टक्के कशाचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे शब्द असेच फसवतात. तुरळक म्हणजे किरकोळ पाऊस, असं समजून लोक निर्धास्त होतात. हवामान विभागाच्या लेखी मात्र ‘तुरळक’ हे व्याप्तीचं माप आहे: फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस. जोराचं माप निराळं. 24 तासांत 64.5 मिमीपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार.

व्याप्ती आणि जोर यांतला हा फरक मुंबईने 26 जुलै 2005 रोजी भोगला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, म्हणजे दर चौरस मीटरवर 944 लिटर पाणी. कुलाब्याला जेमतेम 73 मिमी. शहर एकच, पण ‘मुंबईत किती पाऊस झाला’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नव्हतं.

अलर्टचे रंगही निव्वळ मिलिमीटर सांगत नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मोसमाच्या सरासरीचा. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंमी. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की मोसम ‘सर्वसाधारण’. या एका टक्केवारीत महिन्यांचे खळगे बुजून जातात. 2023 चा मोसम 94 टक्क्यांवर थांबला, पण त्यातला ऑगस्ट 36 टक्के तुटीचा, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्यामुळे देशभराचा मोसमी अंदाज ऐकून पेरणीचा दिवस ठरवू नये. त्यासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहावा.