पखुर्डी, पाणवठा आणि बारा बोअर

शिरूर आणि दौंडच्या माळावर जुन्या शिकाऱ्यांनी ‘ग्राउस’ म्हणून जो पक्षी मारला तो म्हणजे पखुर्डी; हिंदीत भट तितर. खरा ग्राउस कोंबडीच्या गोतातला. तो स्कॉटलंडच्या थंड माळावर राहतो, वजन साधारण सहाशे ग्रॅम, आणि त्याच्या शिकारीचा मोसम तिथे 12 ऑगस्टला उघडतो. भारतात ग्राउस नाहीच. पखुर्डीच्या आखूड पायांवरची पिसं पाहून इंग्रजांनी तिला वाळूतला ग्राउस म्हटलं, पण तिचं नातं पारव्या-कबुतरांशी जवळचं. वजनही पारव्याहून कमीच, दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ग्राउससाठी इंग्लंडात ठरलेले बंदुकीचे हिशेब दख्खनच्या माळावर जसेच्या तसे चालत नसत.

या माळावर पखुर्डीच्या दोन जाती आहेत. तपकिरी पोटाची पखुर्डी थव्याने राहते. तिच्या शेपटीतून सुईसारखी दोन लांब पिसं निघालेली असतात आणि उडताना ‘कुट-रो, कुट-रो’ असा आवाज चालू असतो. रंगीत पखुर्डी खडकाळ, झुडपी उतारावर बहुधा जोडीने दिसते. तिला ती सुई नाही. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनच हिवर, बोर, तरवड, आणि बाजरी निघालेली मोकळी रानं, एवढ्यावर दोघींचा संसार चालतो. खाणं म्हणजे गवताचं आणि तणाचं बारीक बी. घरटं नाहीच म्हणायचं. जमिनीवरच्या खळग्यात बहुधा तीन अंडी.

कोरडं बी खाणाऱ्या या पक्ष्याला रोज पाणी लागतं, आणि शिकाऱ्याचा सगळा बेत या एका गरजेवर उभा असे. तपकिरी पोटाची पखुर्डी ऊन वर चढू लागलं की ठरल्या वेळी पाणवठ्यावर येते. रंगीत पखुर्डी तिन्हीसांजेला, अंधार पडता पडता येते, आणि पहाटे उजाडण्याआधी पुन्हा. शिकारी ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठी बाभळीआड बसे, आणि थवा उंचावरून सरळ, वेगाने त्याच्याकडे येई. बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर महाराजा गंगासिंहांनी हिवाळ्यात भरवलेल्या शिकारी याच सवयीवर चालत. तिथला पक्षी मात्र आकाराने मोठा, उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा, काळ्या पोटाचा.

अशा पक्ष्यासाठी छर्ऱ्याचीच बंदूक लागते. रायफलची एकच गोळी उडत्या पखुर्डीला लागणं जवळजवळ अशक्य. छर्ऱ्याच्या बंदुकीचं माप ‘बोअर’मध्ये सांगतात आणि त्याचा हिशेब गमतीदार आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअरची बंदूक हलकी, दिवसभर खांद्यावर बाळगायला सोयीची, पण काडतुसात छर्रे कमी मावतात. पखुर्डी दूर आणि वेगात असते, म्हणून पसंती बारा बोअरला. शिवाय तिची काडतुसं सहज मिळत. 1869 मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं बारा बोअरचीच.

छर्ऱ्याचा आकडाही असाच उलटा चालतो. इंग्रजी मापाचा सहा नंबरचा छर्रा 2.6 मिलिमीटरचा, आठ नंबरचा 2.2 मिलिमीटरचा. तीस ग्रॅमच्या काडतुसात सहा नंबरचे पावणेतीनशेच्या वर छर्रे बसतात, आठ नंबरचे पावणेपाचशेच्या आसपास. बारीक छर्ऱ्यांची चादर दाट पडते, पण लांबवर त्यांचा जोर ओसरतो. पखुर्डीची पिसं दाट आणि घट्ट. बारीक छर्रा लागूनही ती उडत जाई आणि मैलभर लांब माळावर कुठेतरी पडून मरे. म्हणून जाणता शिकारी सहा किंवा सात नंबर भरत असे.

नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचित आवळपणा म्हणजे ‘चोक’. पूर्ण चोक असेल तर चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 76 सेंटिमीटरच्या वर्तुळात सुमारे 70 टक्के छर्रे पडतात. चोक नसलेल्या नळीतून 40 टक्के. दुनळीचा फायदा इथे दिसतो. एक नळी मोकळी आणि दुसरी आवळ ठेवली की जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही पक्ष्यांची सोय होते. बंदुकीला दोन चाप असतील तर आधी कोणती नळी उडवायची हे ऐनवेळी ठरवता येतं. समोरून येणाऱ्या पखुर्डीला पहिला बार लांबचा, दुसरा डोक्यावरचा; म्हणजे आवळ नळी आधी.

या सगळ्याहून महत्त्वाचा असतो दस्ता. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी नसते, नेमाऱ्याचा डोळाच तिचं काम करतो. दस्ता लांब असला तर तो कपड्यात अडकतो, आखूड असला तर धक्का गालावर बसतो, आणि गाल दरवेळी त्याच जागी टेकला नाही तर नेम वर-खाली जातो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नजर नळीवरून सरळ धावली तर दस्ता अंगाचा. पखुर्डी ताशी साठ किलोमीटरने जात असेल आणि छर्ऱ्यांना तीस मीटर गाठायला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर तेवढ्यात पक्षी दीड मीटरच्या पुढे सरकलेला असतो. बार त्याच्या पुढच्या मोकळ्या हवेत टाकावा लागतो आणि चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवावी लागते. सुमारे तीन किलोची, दोन्ही हातांत तोललेली बंदूक अशी फिरते.

जुनी दुनळी घेताना ती मोडून, रिकामी करून, उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून पाहण्याची रीत आहे. आत डाग, खड्डे किंवा पोचा दिसला तर ती बंदूक नको. काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं असेल तर त्यात 70 मिलिमीटरचं काडतूस घालू नये. ते आत बसतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटू शकते.

हे सारं ज्ञान आता पखुर्डीवर वापरता येत नाही. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पखुर्डीला चौथ्या परिशिष्टात घातलं, तरी लहान शिकारीचा परवाना तेव्हा मिळू शकत होता. 1991 च्या दुरुस्तीने ती वाटही बंद केली. कायद्यातला ‘शिकार’ हा शब्द फार रुंद आहे. गोळी घालणं तर आलंच, पण फासा लावणं, पकडणं, अंडी फोडणं हेही त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बंदी योग्यच होती, आणि त्याचं कारण पाणवठ्याच्या काठी दिसतं. थवा आधी पाण्यापासून जरा लांब, उघड्या जमिनीवर उतरतो, कानोसा घेतो, मग तुरुतुरु कडेला येतो. दहा-बारा घोट, आणि उड्डाण. एखादा नर मात्र मागे राहतो. तो पोटापर्यंत पाण्यात शिरतो, पिसं फुलवतो आणि अंग हलवत राहतो. त्याच्या पोटाच्या पिसांचे तंतू वळलेले असतात. भिजले की ते उलगडतात आणि बोळ्यासारखं पाणी धरतात. ते घेऊन तो कित्येक किलोमीटर उडतो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून चोचीने पिसं निपटतात. मीड-वाल्डो या इंग्रज अभ्यासकाने 1896 मध्ये पाळलेल्या पखुर्ड्यांत हे नोंदवलं, तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन यांनी ते सिद्ध केलं. काठावर मारलेला नर म्हणजे लांब माळावर तहानेने मेलेली तीन पिल्लं. पाण्याला येणं टाळता न येणाऱ्या जिवाला त्याच वाटेवर गाठणं, याला खेळ म्हणता येत नाही.

शिरूर-दौंडच्या वाड्यांवर बंदुका आहेत, त्या वेगळ्या कारणाने. शस्त्र कायदा, 1959 नुसार पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ती अपुरी असल्याचं पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठीच्या अशा बंदुकीची नळी किमान वीस इंच हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. मात्र हा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठीही वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

पखुर्डीला आज बंदुकीपेक्षा मोठं भय जमिनीच्या वापराचं आहे. घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस पसरला, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या, आणि उरलेला माळ कागदावर ‘पडीक’ ठरून त्यावर झाडं लावली गेली. गवताळ माळाला जंगल करणं हे त्याचं नुकसानच आहे, कारण पखुर्डीला चहूबाजूंनी मोकळं दिसणारी जमीन लागते.

उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याचं कसब ज्याला हवं त्याच्यासाठी ‘स्कीट’ हा खेळ आहे. तो निघालाच मुळी ग्राउसच्या शिकारीतून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स डेव्हिस या शिकाऱ्याने शतकापूर्वी सरावासाठी तो रचला आणि 1968 पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. पॅरिसला 2024 मध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका ही भारतीय जोडी त्यात चौथी आली. एका फेरीत पंचवीस मातीच्या चकत्या, एक उंच आणि एक ठेंगण्या घरातून सुटणाऱ्या. त्यासाठी बारा बोअर, मोकळा चोक आणि नऊ नंबरचे 24 ग्रॅम छर्रे लागतात, कारण चकती जवळून जाते आणि तिला पिसं नसतात.