डाग कोणत्या रस्त्यावरचा?

चंद्रपुरात उभ्या गाडीवरून नुसतं बोट फिरवलं, तरी ती आदल्या दिवशी कुठे जाऊन आली ते बरंचसं कळतं. करडी, पिठासारखी धूळ असेल तर गडचांदूर-आवारपूरचा सिमेंट पट्टा. काळी, चिकट असेल तर घुग्घुस किंवा बल्लारपूरकडच्या कोळसा खाणी. तांबडी असेल तर एटापल्ली-आलापल्लीचा रस्ता, जिथून सुरजागडचं लोहखनिज ट्रकांत भरून खाली येतं. ताडोबाच्या मोहर्लीहून परतलेल्या सफारीच्या जिप्सीवर यांपैकी काही नसलं, तरी डिंकाचे थेंब आणि पक्ष्यांची शिट हमखास असते. धुणाऱ्याकडे मात्र या सगळ्यांवर एकच इलाज असतो: ओलं फडकं. आणि ते चाललं नाही, तर डिझेल.

ज्या रंगावर हे प्रयोग चालतात, तो फार पातळ असतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून जेमतेम 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. चकाकी त्याची, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनंही त्यातच मिसळलेली. गॅरेजमध्ये ज्याला ‘रबिंग मारणं’ म्हणतात, ते म्हणजे हाच थर थोडाथोडा खरवडणं. तो पुन्हा वाढत नाही.

म्हणून आधी धुळीचं बघायला हवं. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र 2920 मेगावॅटचं. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 45 टक्के राखच असते आणि त्या राखेत सिलिका भरपूर. क्वार्ट्‌झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, कठीणता मोहस मापावर 7, सुरजागडच्या हेमटाइटची साडेपाच ते साडेसहा. साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लास्टिकच. कोरड्या किंवा नुसत्या दमट फडक्याने ही धूळ पुसणं म्हणजे गाडीला पॉलिशपेपर लावणं. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या बहुधा रोज सकाळी निष्ठेने केलेल्या पुसापुशीच्या असतात. आधी भरपूर पाणी सोडून कण वाहवून लावायचे, मगच कापड लावायचं.

सिमेंटच्या धुळीला तर दमट फडकं मुळीच दाखवू नये. थोडं पाणी तिला पुसत नाही, बसवतं. हिवाळ्यात रात्रीचं दंव पडलं, की बॉनेटवर सिमेंटची रीतसर पातळ लादीच तयार होते, तीही तीव्र अल्कली. अशा बसलेल्या पापुद्र्यावर निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर काही मिनिटं लावून, न घासता, भरपूर पाण्याने धुतलं तर तो सैल होतो. कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीच्या भागात बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल वळ उठतात, त्यांनाही हाच उपाय लागू पडतो. ते वळ कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि सौम्य आम्लात विरघळतात.

डांबर आणि ग्रीस ही वेगळी जात. रस्त्यासाठी वापरलं जाणारं व्हीजी-30 डांबर 47 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच 46-47 अंशांवर जाते, रस्ता त्याहून कितीतरी तापतो. मग चाकांनी उडवलेले काळे ठिपके दाराच्या खालच्या अंगाला चिकटले नाहीत तरच नवल. डांबर हे हायड्रोकार्बन, त्याला पाण्याशी देणंघेणं नाही. ग्रीस म्हणजे साबण घालून घट्ट केलेलं तेल. हा साबण बहुधा लिथियमचा, फेस न करणारा. दोन्हींना त्यांच्याच गोत्रातलं द्रावक लागतं. मिनरल टर्पेंटाइन किंवा ‘टार रिमूव्हर’ मऊ कापडावर घेऊन डागावर मिनिटभर टेकवायचं, डाग विरघळला की टिपून घ्यायचा, पसरवायचा नाही. त्यानंतर गाडीच्या शाम्पूने धुणं आवश्यकच. शाम्पूच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मागे राहिलेला ओशटपणा पाण्याबरोबर जातो. डिझेल डाग काढतं हे खरं, पण मागे तेलाचा थर ठेवतं आणि दाराचे रबर फुगवतं. पेट्रोल तर आगीचा खेळ. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, तो मेण उतरवून रंग निस्तेज करतो.

लोखंडाबाबत एक गंमत आहे. सुरजागडची तांबडी धूळ आणखी गंजत नाही, कारण ती आधीच लोहाचं ऑक्साइड आहे. भरपूर पाणी तिला पुरतं. पण ब्रेकमधून झिजलेले किंवा स्पंज आयर्नच्या भट्ट्यांभोवती उडणारे कण धातूचे असतात. ते क्लिअर कोटमध्ये रुततात, पावसाळ्यात गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिंब उठवतात. त्यांच्यासाठीच्या द्रवात थायोग्लायकोलेट असतं. लोखंड भेटलं की ते जांभळं होऊन ओघळतं. वास सडक्या अंड्यासारखा. पार्लरमध्ये केस कुरळे करायला हेच कुटुंब वापरतात.

जंगलातल्या डागांना मात्र बाटलीवरचं लेबल उपयोगाचं नाही, झाड ओळखावं लागतं. धावड्याचा डिंक शर्करांच्या साखळ्यांचा, पाण्यात विरघळणारा. कोमट पाण्याचं भिजलेलं कापड दहा मिनिटं ठेवलं की सुटतो. सालईच्या स्रावात राळेचं प्रमाण जास्त. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं आणि मग राहिलेल्या डिंकासाठी पाणी. लाडवात घालतात तो पाण्याने, धुपात जाळतात तो स्पिरिटने, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली गाडी लावली तर फुलांचा साखरेचा रस टपावर वाळतो. त्याला पाणी पुरेसं आहे (अस्वलांचा प्रश्न वेगळा).

पक्ष्यांच्या शिटेत युरिक आम्ल असतं. तापलेल्या काळ्या बॉनेटवर, जिथे तापमान सहज 70 अंशांवर जातं, क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो आणि संध्याकाळी थंड होताना त्या वाळलेल्या शिटेच्या आकारावर आवळून बसतो. डाग गेला तरी ठसा राहतो. ती त्याच दिवशी, ओली करून काढलेली बरी.

ताडोबातल्या जिप्सींचं मात्र सगळंच वेगळं. मारुतीने हे मॉडेल 2019 मध्ये बंद केलं; तेव्हापासून जुन्या गाड्यांना पुन्हा पुन्हा रंग चढतो. हा गॅरेजचा रंग एनसी असेल, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, तर तो नुसता सुकलेला असतो, रेणूंची जाळी त्यात विणली जात नाही. थिनर लागताच तो पुन्हा पातळ होतो, जंगलातल्या डागासकट उतरतो. म्हणून कोणतंही द्रावक आधी दाराच्या आतल्या कडेला, पांढऱ्या चिंधीने लावून बघतात. चिंधी हिरवी झाली, तर बाटलीचं झाकण लावायचं आणि शाम्पूची बादली भरायची.