एका दिवसाच्या जिमचे किती घ्यायचे?

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरचा घाट अंगवळणी पाडायला बाहेरगावचे पळणारे आधीच येऊन राहतात. गणपती-दिवाळीला पुण्यातली नोकरदार पोरं घरी येतात. प्रश्न एकच : "दादा, चार दिवसांचे किती?"

इथंच जिमवाला फसतो. समजा महिन्याची फी १२०० रुपये. २६ दिवसांनी भागलं की रोजचे ४६. पण हा दर लावला, तर आठवड्यातून तीनदा येणारा गावातलाच गडी महिन्याचे १३ दिवस ५९८ रुपयांत उरकेल. मग पूर्ण फी कोण भरतंय!

म्हणून माझा हिशोब असा : दहा दिवसांत महिन्याची फी वसूल व्हावी, म्हणजे दिवसाचे १२०. आठवड्याचा पास ४५०. चार दिवसवाला आपोआप हा पास घेतो (सुटे ४८० होतात ना), आणि असे तीन पास महिन्यापेक्षा महाग पडतात.

सांगलीची गोष्ट थोडी निराळी. संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य जिंकलं, ते हे गाव. वेटलिफ्टिंगवाला पाहुणा तासभर प्लॅटफॉर्म अडवतो. त्याला संध्याकाळी पूर्ण दर, दुपारी ८० रुपये चालतील.

जीएसटी लागू असेल तर दर करासकटच फळ्यावर लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पण ट्रेडमिलच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही.