पाठीवर पाणी घेतलेली शेगडी

आयर्लंडच्या खेड्यांत बैठकीच्या खोलीतली एक बंद लोखंडी शेगडी सगळं घर उबदार ठेवू शकते. तत्त्व आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचंच: विस्तवाला लगटून पाणी. इथे ते शेगडीच्या पाठीमागच्या कप्प्यात तापतं आणि नळ्यांतून खोल्यांमधल्या रेडिएटरांत फिरतं. आंघोळीचं पाणीही त्यावरच तापतं.

लाकूड राखेच्या थरावर, वरून हवा मिळाली की छान जळतं. कोळशाला हवा खालून लागते. म्हणून तळाशी जाळी आणि हवेच्या वेगवेगळ्या झडपा. पीटही चालतं, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या विटा. ओलं लाकूड मात्र नकोच. त्याने धुराड्यात डांबरासारखा थर चढतो आणि तो पेटू शकतो.

वीज गेली, पंप थांबला, तरी विस्तव थांबत नाही! म्हणून एक तरी रेडिएटर पंपाविना, तापलेलं पाणी आपोआप वर चढतं त्या बळावर चालणारा हवा. त्यावर झडप बसवायची नाही. नाहीतर पाणी उकळून स्फोटाचा धोका.

जळणाचं म्हणाल, तर धूर ओकणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर डब्लिनमध्ये १९९० साली बंदी आली, देशभर यायला २०२२ उजाडलं.