बारा बाय अठराचं अंगण

कुंडलिका नदीच्या एका काठाला नवा जालना, दुसऱ्या काठाला आमचा जुना. तिथल्या गल्लीत आमचं मातीच्या भिंतींचं, माळवदाचं घर. मागं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब आणि निंबाखाली अम्माची बाज. वडील गेल्यावर वाटणी झाली. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. दोघा भावांनी मिळूनच मधोमध भिंत घातली. कडुनिंब धाकट्याकडे गेला. माझ्या वाट्याला १२ फूट रुंद, १८ फूट लांब एवढी जागा आली, आणि अम्मा आली.

भिंत उभी राहिली त्या संध्याकाळी अम्मा बाजेवर बसली. समोर पाहिलं आणि आमच्या दखनीत काहीतरी बोलली. मराठीत सांगायचं तर, ‘नजर जाते आणि लगेच माघारी येते रे.’

गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं सुटलं होतं. मोती तलावाकाठची मोतीबागसुद्धा तिला लांब झाली होती. तेव्हा अंगण मोठं करणं भाग होतं, आणि इंचभरही जागा वाढणार नव्हती.

सगळे करतात तेच मी आधी केलं. रोपवाटिकेतून तीस-चाळीस कुंड्या आणल्या आणि भिंतींच्या कडेनं मांडल्या. मधली जागा मोकळी ठेवली, म्हणजे मोठी दिसेल. झालं उलटंच. कुंड्या रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसू लागल्या आणि अंगण आणखी आक्रसलं. कारण साधं आहे. जागेच्या चारही कडा एकदम दिसल्या की डोळा त्यांचा हिशेब क्षणात करून मोकळा होतो. कुंड्यांची रांग लावून मी त्या कडा अधोरेखितच केल्या होत्या.

मग निम्म्याहून अधिक कुंड्या वाटून टाकल्या. भिंतीवर तारा ताणून जाई आणि गोकर्ण चढवली. पानांचा पडदा कुठं दाट, कुठं विरळ, कुठं हातभर पुढं आलेला. नक्की कुठं थांबायचं हे मग नजरेला कळत नाही. भिंतीचा मला राग होता, तोही थोडा कमी झाला. ‘फिरदौस’ हा शब्द आपण स्वर्गासाठी वापरतो. त्याचं मूळ प्राचीन इराणी भाषेत आहे आणि तिथं त्याचा अर्थ चक्क ‘भिंतीनं वेढलेली जागा’ असा आहे.

आता पायवाट. रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, म्हणून माप सांगतो. कागदावर काढून पाहा. १२ बाय १८ च्या चौकोनात सरळ चाललात तर १८ फूट. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपे गेलात तर साडेएकवीस फूट. साडेतीन फूट फुकट मिळाले! शहाबादी फरशीची वाट मी तशी तिरपी टाकली, थोडा बाक दिला आणि तिचं टोक मेंदीच्या झुडपामागं नेऊन लपवलं. मेंदीमागं काही नाही, पाठीमागची भिंतच आहे. पण बाजेवरून वाटतं, वाट पुढं कुठंतरी जात असावी.

जालना स्टेशनावर उभं राहून रुळांकडं पाहिलंय ना? दूरवर ते एकमेकांना भेटल्यासारखे दिसतात. अरुंद होत जाणारी गोष्ट डोळा लांब समजतो. त्याचा फायदा घेऊन वाट बाजेपाशी ३ फूट रुंद ठेवली आणि टोकाला २ फूट. झाडांचंही तसंच. मोठ्या पानांची कर्दळ आणि अळू जवळ, बारीक पानांची मेंदी, शतावरी लांब. लाल-पिवळी फुलं पुढं येतात, निळी मागं सरकतात, म्हणून कर्दळीचा लाल रंग हाताशी आणि गोकर्णीचा निळा पार मागच्या भिंतीवर.

ही विद्या माझी नव्हे. जपानमधल्या क्योतो शहरात व्यापाऱ्यांची जुनी घरं अरुंद आणि लांबलचक. त्यांच्या आतल्या चौकात एवढ्या-एवढ्याशा बागा असतात, त्यांना ‘त्सुबो-निवा’ म्हणतात. त्सुबो हे जमिनीचं माप, दोन तातामी चटया मावतील एवढं, साधारण ३६ चौरस फूट. म्हणजे आमच्या अंगणात असे सहा त्सुबो बसतात. हे वाचलं तेव्हा मी अम्माला म्हणालो, आपण जहागीरदार आहोत.

जपानी माळ्यांची आणखी एक युक्ती आहे, ‘शाक्केई’. म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. क्योतोच्या एंत्सूजी मंदिराची बाग लहान, पण कुंपणापलीकडचा हिएई डोंगर त्या बागेचाच भाग असल्यासारखा दिसतो. मला डोंगर कुठून आणायचा? पण भिंतीपलीकडं कडुनिंब होता. त्या बाजूला मी वेलीसाठी मांडव घालायला निघालो होतो, तो बेत सोडला. तिकडं उंच काहीही लावलं नाही. अम्माला आपला निंब पुन्हा दिसू लागला, बुंधा नाही, नुसता शेंडा.

पाण्याचं मात्र आपल्याकडेच शिकायला मिळतं. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा शहजादा आझमशहानं आपल्या आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी, सतराव्या शतकात बांधला. दरवाज्यातून आत येईपर्यंत काही कळत नाही. आत आलं की कारंज्यांचा लांब हौद नजर हाताला धरून नेतो. मी काही शहजादा नव्हे, आणि जालन्यात हौद भरायला पाणी कुठलं? २०१२-१३ च्या दुष्काळात इथं मोसंबीच्या बागा वाळल्या, आम्ही टँकरमागं धावलो. म्हणून घरातली जुनी दगडी डोणी पसरट बघून ठेवली. चार बोटं पाणी, त्यात आभाळ. डास होऊ नयेत म्हणून दर तिसऱ्या दिवशी ते पाणी मेंदीला. कर्दळीला वझूचं आणि तांदूळ धुतल्याचं पाणी पुरतं. काहीजण भिंतीवर आरसा लावा म्हणतात. लावला होता. एक बुलबुल दिवसभर स्वतःशीच भांडू लागला, चोची मारून थकला. दुसऱ्या दिवशी काढून टाकला.

गेल्या वर्षी धाकट्यानं वर खोली बांधायला काढली. निंब आडवा येत होता. उसन्या दृश्याचं हेच तर असतं, मालक दुसरा. मला बोलायला संकोच वाटत होता. झाड त्याचं, गरज त्याची, मुलगा लग्नाचा. शेवटी अम्मानंच त्याला हाक मारली, बाजेवर आपल्या शेजारी बसवलं आणि तिला काय दिसतं ते नुसतं पाहायला सांगितलं. तो बराच वेळ बसला. चहा पिऊन गेला.

खोली झाली. झाड राहिलं, पण आमच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या आणि बाजेवरून सिमेंटची भिंत दिसू लागली. मी दोन दिवस पायवाटेच्या कडेनं खुर्ची हलवत बसून पाहिलं. बाज दोन फूट उजवीकडे, जाईच्या अंगाला सरकवली की भिंत वेलीआड जाते आणि निंबाचा उरलेला शेंडा बरोबर मधोमध येतो. आता बाज तिथंच आहे.