वारसा यादीत नाव म्हणजे घराला टाळं?

शिवाजी पार्कचा परिसर वारसा यादीत घालण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये पुढे आला, तेव्हा रहिवाशांमधून कडाडून विरोध झाला. यादीत नाव गेलं की घरावर सरकारचा हात, साधी खिडकी बदलायची तरी दिल्लीपर्यंत खेटे आणि पुनर्विकासाला कायमचा रामराम, हा समज मुंबईत आजही घट्ट आहे. त्याचं मूळ दोन वेगळ्या कायद्यांच्या गल्लतीत सापडतं. केंद्राचा १९५८ चा पुरातत्त्व कायदा खरोखर कडक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याखालच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण असतं. पण तो आहे लेणी, किल्ले, जुनी देवळं यांच्यासाठी. मुंबईतल्या राहत्या, वापरातल्या इमारतींची यादी राज्याच्या नगररचना कायद्याखाली, १९९५ च्या नियमावलीने झाली. शहरासाठी असे नियम करणारी मुंबई देशात पहिली. या नियमांत मालकी बदलत नाही आणि दिल्लीचा संबंध येत नाही. वारसा समिती सल्ला देते, निर्णय पालिका आयुक्तांच्या पातळीवर होतो.

सगळ्या इमारतींना एकच नियम लागतो, हेही खरं नाही. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूंना आत-बाहेर जवळजवळ हात लावता येत नाही, पण अशा वास्तू थोड्या. ‘दोन अ’मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, ‘दोन ब’मध्ये मूळ इमारतीशी मेळ राखून त्याच आवारात वाढीव बांधकामही करता येतं. तिसऱ्या श्रेणीत तर आत-बाहेर दोन्हीकडे बदलांना वाव आहे. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस यादीतलं, तरी खाजगी मालकीचं. वर्षानुवर्षं बंद पडलेलं ते नाट्यगृह दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. भायखळा स्थानकाच्या जतनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि तिथून लोकल रोज सुटतातच.

मग वारसा इमारती का ढासळतात? काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, पाहा. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ही एकोणिसाव्या शतकातली इमारत; १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. यादीत असूनही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. यादीमुळेच ती अडकली, असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तीही त्याच जुन्या आकड्यावर. एवढ्या भाड्यात पागडीच्या इमारतीची गच्चीसुद्धा गळायची थांबत नाही. दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त जुन्या इमारती शहरात मूळच्या साडेएकोणीस हजारांवर, आणि १९९५ च्या यादीत नोंदी सहाशेच्या आसपास, त्यांतल्याही काही अख्ख्या परिसरांच्या. म्हणजे मोडकळीला आलेल्या बहुतेक चाळींचं नाव कुठल्याच वारसा यादीत नव्हतं. शिवाय तिसऱ्या श्रेणीतल्या उपकरप्राप्त इमारतींना सरकारने १९९९ मध्येच वारसा समितीकडे जाण्यातून सूट दिली. एका हाताने यादी आणि दुसऱ्या हाताने पाडून बांधणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र, असं आपलं धोरण आहे. दोष मात्र यादीच्या माथी.

या इमारती साहेबाच्या, त्या आपण का जपायच्या, असंही विचारलं जातं. मरीन ड्राइव्हची सूना महल गजानन म्हात्रे यांनी रेखाटली. २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मुंबईच्या आर्ट डेको समूहाचा मोठा भाग भारतीय वास्तुविशारदांनी, भारतीय पैशावर उभा केलेला आहे. त्या मानांकनाबरोबर डागडुजीचा निधी येतो, हाही गैरसमजच. जतनाची जबाबदारी त्या त्या देशाचीच राहते. मालकाचा आक्षेप याहून वजनदार आहे: शोभा शहराची, खर्च माझा. त्यावर हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद १९९५ पासून आहे. यादीमुळे बांधकामाचा हक्क बुडाला, तर तो दुसरीकडे विकता येतो. पण ही भरपाई बुडालेल्या चटईक्षेत्राची आहे. कुजलेली सागाची तुळई बदलायला, जुन्या पद्धतीचा चुन्याचा गिलावा करायला लागणारा पैसा तिच्या हिशेबात येत नाही. शिवाजी पार्कच्या मालकांनी आणि भाडेकरूंनी भांडायचंच, तर त्या दुरुस्तीच्या पैशासाठी भांडावं.