टॅपेट वाजतंय, वाजू द्या!

आमच्या सावंगी (मेघे) इथे मोठं रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर आधी छाती तपासतात, मग औषध लिहितात. जुन्या मोटारीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. इंजिन टिकटिक करू लागलं, की मेकॅनिकला सांगून मोकळे होतो, ‘टॅपेट कसून टाका.’

श्रोतेहो, ही टिकटिक समजून घेऊ. कार्बोरेटरवाली मारुती ८०० असो की कुर्ल्याची पद्मिनी, व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी. इंजिन तापलं की दांडा लांबतो, त्यासाठी ही जागा. भाग झिजून फट वाढली, की रॉकर दांड्यावर आपटतो आणि आवाज येतो.

पण फट कमी झाली तर? आवाज मुळीच येत नाही, आणि धोका तिथेच आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही, कड जळते. मग हेड उतरवण्याचा खर्च! गॅसवर चालवलेल्या जुन्या गाड्यांत सीट लवकर झिजून फट गुपचूप मिटू शकते. म्हणून मी तर म्हणेन, वाजणारं टॅपेट परवडलं, मुकं नको.

आधी ऑइलची पातळी पाहा. नंतर लांब पेचकसाचं टोक व्हॉल्व्हच्या झाकणावर टेकवा आणि मूठ कानाला लावा. पंखा-पट्ट्यापासून मात्र दूर राहा. थंड इंजिनात फटफट येऊन तापल्यावर कमी झाली, तर एक्झॉस्टचं गॅस्केट तपासा. खालून जड ठकठक येत असेल, तर गाडी चालवूच नका.

सेटिंग शक्यतो सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचं करावं. पुस्तकात माप थंड इंजिनाचं आहे की गरम, तेही पाहावं. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, त्याचंच माप घ्यायचं. फीलर गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना फट बदलते. एक्झॉस्टची फट बहुधा जास्त असते.

सारं झाल्यावरही हलकी टिकटिक राहिली, तर राहू द्या. मेकॅनिकला ‘आवाज बंद करा’ असं सांगू नका, ‘गेज लावून दाखवा’ असं सांगा.